हंगाम आला की घर सोडायचं?

‘ताई, आम्ही मूळचे कुडाळ तालुक्यातले, सहा वर्षं गोव्यात आहोत. नवरा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये आहे, मी पणजीला एका खासगी ऑफिसात हिशेब बघते. दोघांचे मिळून ६० हजार हातात येतात, त्यातले माझे २६. पर्वरीला वन बीएचकेचं १५ हजार भाडं देतो. १ नोव्हेंबरला केलेला करार ३० सप्टेंबरला संपतोय. मालक म्हणतात, पुढं राहायचं तर २४ हजार द्या, नाहीतर जागा मोकळी करा, त्यांना ती पर्यटकांना द्यायची आहे. मुलगी तीन वर्षांची आहे, पाळणाघराला ४ हजार जातात. सासूबाई म्हणतात, तू नोकरी सोड आणि लेकीला घेऊन कुडाळला ये, तो तिकडे खोली घेऊन राहील. सासरे म्हणतात, काजूची बाग विकून १३ लाख उभे करतो, तुम्ही फ्लॅटच घ्या. पर्वरीतच बांधकाम चालू असलेला एक वन बीएचके ५८ लाखांना सांगितलाय. फोंड्याला ओळखीनं टू बीएचके १४ हजारांना मिळतोय, नवऱ्याच्या कंपनीची बसही फोंड्याहून सुटते, पण मला रोज पणजी गाठायची. कुणी म्हणतं, हद्दीपलीकडे बांद्याला राहून ये-जा करा. रात्र रात्र झोप लागत नाही. आम्ही पडलो गोव्याबाहेरचे, तक्रार तरी कुणाकडे करायची? आणि जाताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार म्हणतात, ते बरोबर आहे का?’
— एक वाचक, पर्वरी

सगळ्यात आधी दोन गोष्टी सांगते, कारण त्या एकदा झाल्या की मागं फिरता येत नाही. नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि सासऱ्यांना काजूची बाग विकू देऊ नका. बाकी सगळं ठरवायला तुमच्याकडे वेळ आहे. पत्रावर जुलैची तारीख आहे, करार सप्टेंबरअखेर संपतोय. एवढ्या दिवसांत घर नक्की मिळतं.

पर्वरीची जागा मात्र सोडा. २४ हजारांवरून घासाघीस करून १९-२० वर आणता आले तरी सोडा. कारण तुमची अडचण नुसती भाड्याची नाही. ज्या मालकानं एकदा पर्यटकांच्या पैशाचा हिशेब मांडला, तो दरवर्षी मांडणार. या वर्षी तुम्ही वाढीव भाडं भराल आणि पुढच्या वर्षी तोच निरोप पुन्हा येईल. लेक तेव्हा चार वर्षांची असेल, शाळा सुरू झालेली असेल, आणि तुम्ही पुन्हा अशाच जागत बसाल. घर परवडतं की नाही हे बघताना भाड्याच्या आकड्याइतकंच हेही बघायचं की त्या घरात आपल्याला किती वर्षं राहू देतील. गोव्याच्या किनारपट्टीत तर मी ते आधी बघायला सांगेन.

किनाऱ्याजवळच्या गावांत ही तऱ्हा नवी नाही. कळंगुट, कांदोळी, हणजूण, मोरजी या भागांत पावसाळ्यापुरता भाडेकरू ठेवायचा आणि ऑक्टोबरच्या तोंडावर त्याला उठवायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. आता ती रीत पर्वरीपर्यंत आली. मांडवीपलीकडच्या नोकरदारांचं, निवृत्तांचं, पणजीत जागा परवडत नाही म्हणून पुलापलीकडे राहायला गेलेल्यांचं असं हे गाव होतं. कोविडनंतर बाहेरून काम करणारे आले, सुट्टीपुरतं दुसरं घर घेणारे आले. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडणे-बार्देशातल्या जमिनीला आणखी भाव चढला. झुआरीवरचा नवा पूल झाला, कुठ्ठाळी-आगशीची रोजची कोंडी सुटली, हे चांगलंच झालं. पण जुन्या पुलावरच्या त्या कोंडीमुळंच तिथली भाडी काबूत होती. रस्ता सुधारला की भाडं वाढतं, हे गोव्यात घर शोधणाऱ्यानं धरूनच चालावं.

घरं नाहीत म्हणून भाव चढतात, असं म्हणायलाही जागा नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण दर पाच घरांमागं एक घर रिकामं निघालं होतं. त्यात बाहेरच्यांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरं आहेत, तशीच गोंयकारांची वडिलोपार्जित घरंही आहेत. वारसांपैकी एक मुंबईला, एक पोर्तुगालला, एक लंडनला; इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची रीतसर प्रक्रिया, झालेली नाही, म्हणून घर कुलपात पडून राहतं. शिवाय भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीतल्या घरात राहणारा) म्हणून हक्क सांगेल, ही भीती इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात खोल बसलेली आहे. १९६८चा भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५चा मुंडकार कायदा गरजवंतांच्या रक्षणासाठी आले आणि त्यांनी ते केलंही. पण आज त्याच भीतीपोटी माणसं वर्षभराच्या कुटुंबापेक्षा चार रात्रींचा पाहुणा बरा म्हणतात. नवीन बांधकामाचं म्हणाल, तर सारं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. त्यातलं जंगल, खाजन, शेतं, किनारा नियमनाचा पट्टा वगळला की बांधायला जमीन उरते किती? आणि जी उरते तिथं ६० हजार कमावणाऱ्यासाठी कुणी बांधत नाही, तरणतलाववाला व्हिला बांधतात. जमिनीचा विभाग बदलू देणाऱ्या, नगर नियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ कलमांवरून गावागावांतल्या ग्रामसभा तापल्या, त्याच्या मुळाशी हा राग आहे. तो राग मला पटतो.

म्हणूनच ‘आम्ही बाहेरचे’ हे तुमचं वाक्य मला टोचलं. तुम्ही सहा वर्षं इथं काम करताय, इथं कर भरताय, तुमची मुलगी इथं वाढतेय. आणि बार्देशात जन्मलेल्या, तिथंच शिकलेल्या मुलालाही लग्नानंतर स्वतःच्या गावात वन बीएचके परवडत नाही, हे तुम्हाला शेजारी चौकशी केली तर कळेल. तुमचं आणि त्याचं दुखणं एकच आहे. तक्रार कुणाकडे म्हणाल, तर पर्वरीत मतदारयादीत नाव असेल तर तिथल्या पंचायतीच्या ग्रामसभेत जाऊन बोला. निवासी इमारतीतले फ्लॅट पर्यटकांना द्यायचे तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. गावातल्या अशा किती फ्लॅटांची नोंदणी आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. मात्र तो तुमच्या मालकांच्या अंगावर धमकी म्हणून टाकू नका. त्यानं तुमची जागा वाचणार नाही आणि डिपॉझिट तेवढं अडकेल.

आता फोंड्याचं. माझा कौल फोंडा तालुक्याला आहे, पण फोंडा शहराला नाही.

तुमचे आकडे मांडून बघू. पर्वरीला राहिलात तर भाडं २४ हजार, पाळणाघर ४ हजार, आणि तुमचे यजमान दुचाकीनं वेर्ण्याला जात असतील तर जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महिन्याचं पेट्रोल तीन-साडेतीन हजार. तुमचा बसचा खर्च धरून ३२ हजार झाले. मिळकतीतला निम्म्याहून जास्त पैसा घराच्या आणि रस्त्याच्या नावावर गेला. फोंड्याला १४ हजार भाडं, यजमानांचा प्रवास कंपनीच्या बसनं, तुमची बस फार तर दोन हजार, पाळणाघर धरलं तरी २० हजारांत बसतं. महिन्याला १२ हजार सुटतात.

पण या हिशेबात एक खर्च कुणी धरत नाही, तो तुमच्या वेळेचा. आज तुम्ही पर्वरीहून मांडवी ओलांडली की ऑफिसात पोचता. फोंडा ते पणजी तीसेक किलोमीटर आहे. सकाळच्या बसनं जवळजवळ तास, संध्याकाळी बाणस्तारीपाशी गर्दी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे यजमानांचा रस्ता सोपा झाला आणि तो सगळा भार तुमच्या अंगावर आला. अशा स्थलांतरात हे हमखास होतं आणि बाई काही बोलत नाही, कारण पैसे वाचतायत ना! तुम्ही बोला. घर ठरण्याआधी बोला.

म्हणून मी म्हणते, घर फोंड्याच्या पणजीकडच्या अंगाला शोधा. मार्दोळ, मंगेशी, त्यांच्या आजूबाजूचे वाडे, कुंडई, बाणस्तारी, थोडं आत माशेल. फोंडा-पणजी बस याच रस्त्यानं जाते, त्यामुळं तुमची पंधरा-वीस मिनिटं वाचतात, दोन्ही वेळा. यजमानांना मार्दोळहून फोंड्याचं बसस्थानक दुचाकीनं पाव तासाच्या आत आहे, गाडी तिथं लावून कंपनीची बस पकडता येते. कुंडईला औद्योगिक वसाहत असल्यामुळं आसपास कामगारांना वर्षभर भाड्यानं खोल्या द्यायची रीत आहे. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. इथला मालक भाडेकरूवर जगतो, समुद्रावरच्या पाहुण्यावर नाही. मंगेशीला, शांतादुर्गेला भाविक येतात ते दर्शन घेऊन जातात, आठवडाभर फ्लॅट घेऊन राहत नाहीत. एक मात्र लक्षात ठेवा, कंपनीची बस तिन्ही शिफ्टना आहे ना, हे यजमानांकडून पक्कं करून घ्या. रात्रपाळी सुटल्यावर बोरीच्या पुलावरून एकट्यानं दुचाकी चालवत यायचं असेल, तर सगळा हिशेब बदलतो.

दोन खोल्यांचं घर मिळालं तर सासूबाईंनाच इकडे बोलवा. त्यांचं म्हणणं मुळात काय आहे? नातीची आबाळ होऊ नये. ते रास्तच आहे. मग नातीला कुडाळला न्यायच्याऐवजी आजीनं वर्षातले काही महिने फोंड्याला राहावं. पर्वरीच्या एका खोलीत त्यांना संकोच वाटत असेल. इथं त्यांना स्वतःची खोली मिळेल, संध्याकाळी देवळात जाता येईल, भजनाला बसता येईल, मराठी बोलणारी चार माणसं भेटतील. सगळं वर्ष त्यांना बांधून ठेवू नका, कुडाळचं घर आणि सासरे त्यांनाही सोडवत नाहीत. जूनपासून दिवाळीपर्यंत त्या आल्या तरी पाळणाघराचा निम्मा खर्च वाचतो आणि लेकीला आजी मिळते.

नोकरी सोडून कुडाळला जाण्याचा बेत पैशाच्या अंगानंसुद्धा तोट्याचा आहे. तुमचे २६ हजार बंद. यजमानांच्या ३४ मधून त्यांची वेर्ण्याकडची खोली, खाणावळ आणि दर आठवड्याच्या येण्या-जाण्याचं भाडं वजा करा, मग घरी किती येतात बघा. फोंड्याच्या घराचं पूर्ण भाडं भरूनही तुम्ही त्यापेक्षा बऱ्या राहता. आणि एकदा सुटलेली हिशेबाची नोकरी, तीन-चार वर्षांच्या खंडानंतर त्याच पगारावर परत मिळत नाही. वडील रविवारचे पाहुणे झाले की तीन वर्षांच्या मुलीला काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंना हे सगळं यजमानांनी सांगावं, तुम्ही नव्हे. मुलगा बोलला की आई ऐकते, सून बोलली की वाद होतो.

बांद्याचा सल्ला देणाऱ्याचं चुकलं नाही, पण तो तुमच्यासाठी नाही. तुयेच्या वसाहतीत किंवा म्हापशाला काम असणाऱ्यानं बांद्याला, दोडामार्गाला राहून ये-जा करावी. पुष्कळ जण करतात आणि त्यांचं ठीक चाललंय. वेर्ण्याला रोज तिथून जायचं म्हणजे अर्धा गोवा ओलांडायचा. इतर वाचकांसाठी एवढंच सांगते: म्हापसा किंवा पणजीत काम असेल तर डिचोली-साखळी बघा, मडगाव-वेर्ण्याला काम असेल तर कुडचडे-सावर्डे बघा, तिथं वास्को-कुळे पॅसेंजरचाही आधार आहे.

घर बघायला जाताना पावसातच जा. तुमच्या हातात आत्ता जुलै-ऑगस्ट आहे, याचा फायदा घ्या. फेब्रुवारीत गोव्यातलं प्रत्येक घर छान दिसतं. आत्ता भिंतीला खालच्या हातभर भागात हात लावून बघा, रंग पापुद्र्यासारखा सुटतोय का. भिंतीतली कपाटं उघडून वास घ्या. बुरशीचा वास आला तर लहान मुलीला घेऊन त्या घरात जाऊ नका, भाडं दोन हजारांनी कमी असलं तरी. वरचा मजला असेल तर गच्चीखालच्या छताचे कोपरे बघा. मग पाणी. फोंडा-तिसवाडीला ओपाचं पाणी आहे, बार्देशासारखं अस्नोडा आणि तिळारीच्या कालव्याकडे डोळे लावून बसावं लागत नाही. पण इमारतीची टाकी केवढी आणि नळाला पाणी किती वाजता येतं, हे खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. मालकाला आणि दलालाला विचारून उपयोग नाही. विहीर असेल तर ती मे महिन्यात आटते का, हेही तिलाच माहीत असतं. विजेचा मीटर स्वतंत्र आहे ना, की मालक सब-मीटरवर मनाला येईल तो दर लावतो, हे बिल बघून ठरवा.

दलालाकडे शेवटी जा. तो एक महिन्याचं भाडं घेईल आणि आधी महागाची घरं दाखवील. अशा गावांत चांगली घरं तोंडी कळतात. कंपनीत फोंड्याहून येणारे जे सहकारी आहेत त्यांना विचारा, देवळाच्या कार्यालयात विचारा, औषधांच्या दुकानात आणि किराणा दुकानात सांगून ठेवा. ‘दोघंही नोकरीला, एक लहान मुलगी, कायम राहायचंय’ एवढं सांगितलं की ज्या म्हाताऱ्या जोडप्यानं भीतीपोटी वरचा मजला बंद ठेवलाय, ते विचार करतं. आणि पर्वरीच्या मालकांकडून चार ओळींचं पत्र मागून घ्या: इतकी वर्षं राहिले, भाडं वेळेवर दिलं, तक्रार नाही. ते हे आनंदानं देतील, कारण त्यांना तुम्ही शांतपणे जायला हव्या आहात. नव्या मालकापुढं त्या पत्राचं वजन तुमच्या पगाराच्या स्लिपपेक्षा जास्त पडेल.

करार करताना तारखेकडे लक्ष द्या. १ नोव्हेंबरला सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार ३० सप्टेंबरला संपतो, म्हणजे हंगामाच्या अगदी तोंडावर. तुमच्या मालकांनी ती तारीख मुद्दाम ठेवली होती की नाही, कोण जाणे. पण फायदा त्यांचा झाला. तुम्ही १ ऑगस्टपासून घर घ्या, करार ३० जूनला संपेल. धो-धो पावसात कुणी पाहुणे शोधत नाही आणि चांगला भाडेकरू घालवत नाही. एक-दोन महिने दोन्हीकडचं भाडं अंगावर पडेल म्हणून कचरू नका. पर्वरीच्या करारात महिन्याच्या नोटिशीची अट असेल तर आजच लेखी नोटीस द्या, ऑगस्टअखेर तिथून सुटाल.

करार अकरा महिन्यांचाच का असतो, तर १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीच्या किंवा वर्षावारी चालणाऱ्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. तो खर्च आणि खटपट टाळायची म्हणून. मालक तयार असेल तर तीन वर्षांचा नोंदणीकृत करार करा, खर्च अर्धा अर्धा वाटून घ्या. तयार नसेल तर निदान अकरा महिन्यांच्या करारात दोन वाक्यं घालून घ्या. एक, मुदत संपल्यावर करार आणखी दोनदा पुढं चालेल आणि दर वेळी भाडं ५ टक्क्यांनी वाढेल. दुसरं, घर सोडायला सांगायचं झाल्यास मालक तीन महिने आधी लेखी सांगेल. कोर्टात हे किती टिकेल त्यापेक्षा, मालकानं सही करताना ते वाचलेलं असतं, हे महत्त्वाचं. सही करण्याआधी विचार करणारा माणूस नंतर सहसा फिरत नाही. पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाला भरावाच लागतो, त्याची शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि सगळे जुने करार, सगळ्या प्रती, लेकीच्या पाळणाघराच्या पावत्यासुद्धा एका फायलीत लावा. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. तुमची मुलगी मोठी होईल तेव्हा ती कुठल्या साली कुठल्या गावात राहत होती, हे सिद्ध करायची वेळ येईल. भाड्याच्या घरांतून फिरणाऱ्या कुटुंबांचं नेमकं इथंच अडतं, कारण प्रत्येक स्थलांतरात कागद हरवतात.

राहिला फ्लॅट. सासऱ्यांच्या मनाचा मोठेपणा मला दिसतो. आयुष्यभर राखलेली बाग ते मुलासाठी द्यायला निघालेत. पण ५८ लाखांतून १३ वजा केले तरी ४५ लाखांचं कर्ज उरतं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता ३९ हजार. तुमच्या ६० मधून २१ उरले, त्यात घर चालवायचं, लेकीला शिकवायचं आणि घराचा ताबा मिळेपर्यंत कुठंतरी भाडंही भरायचं. बांधकाम चालू आहे म्हणजे वर ५ टक्के जीएसटी, जवळजवळ २ लाख ९० हजार. मुद्रांक आणि नोंदणी वेगळी. हे होणारं नाही. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने जरी गेली तर फ्लॅट बँकेकडे आणि बाग दुसऱ्याकडे. बाग ठेवा. काजू दरवर्षी काहीतरी देतो.

घर घ्यायची इच्छा मात्र सोडू नका, फक्त ते तुमच्या पगाराला झेपेल अशा भागात आणि तुमच्या वेळेनं घ्या. दर महिन्याला सुटणाऱ्या १२ हजारांपैकी १० हजार वेगळे टाकलेत, तर तीन वर्षांत व्याज सोडून ३ लाख ६० हजार होतात. यजमानांच्या पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, तीही जमेला धरा. तोवर फोंडा, डिचोली, कुडचडे भागातल्या जुन्या, राहत्या इमारतींमधले पुनर्विक्रीचे फ्लॅट बघत राहा. सप्टेंबर २०२४पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याजात सवलत आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, आणि जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. तुमच्या कुटुंबाच्या म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं यांच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. कुडाळचं घर सासऱ्यांच्या नावावर आहे तोवर ते आड येत नाही. म्हणून या दोन-तीन वर्षांत ते घाईनं मुलाच्या नावावर करू नका. योजना शहरी हद्दीसाठी आहे, तेव्हा घर ज्या गावात आहे तो भाग तिच्यात बसतो का, हे बँकेत आधी विचारा. पर्वरीचा ५८ लाखांचा फ्लॅट या योजनेत बसतच नाही.

गोव्यात जुना फ्लॅट घेताना एक वेगळी काळजी घ्यावी लागते, जी कुडाळला लागत नाही. इथल्या नागरी कायद्यानुसार लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची होते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही विक्रीखतावर हवीच. मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी किंवा वारसांचा दस्त पूर्ण झालाय का, हे वकिलाला तपासायला लावा. ‘भाऊ परदेशात आहे, तो काही म्हणणार नाही’ या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (तुमच्याकडच्या सातबारासारखा), रूपांतराची सनद आणि इमारतीचा भोगवटा दाखला हे तिन्ही हातात आल्याशिवाय टोकन नको. आणि कधी नव्या प्रकल्पात घ्यायचं ठरलंच, तर रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे लक्षात असू द्या.

सप्टेंबरपर्यंत नवं घर मिळालं नाही तर काय, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीतून दिसते. तसं झालं तर मालकांशी बोलून महिनाभर वाढवून घ्या, त्या महिन्याचं २४ हजार भाडं द्यावं लागलं तरी द्या. मुदत संपल्यावर भांडून तिथंच बसण्याचा मार्ग तुमच्यासाठी नाही. पण त्यांनीही वीज-पाणी तोडायचं नाही की परस्पर कुलूप बदलायचं नाही. भाडेकरूला रीतसर मार्गानंच बाहेर काढता येतं. असा प्रसंग येईल असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही.

रंगाचं. करारात ‘सोडताना रंगकाम भाडेकरूनं करून द्यावं’ असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर पैसे द्यावे लागतील, मात्र रंगाऱ्याचं बिल मागा, मालक सांगतील तो आकडा नको. लिहिलं नसेल तर राहत्या घराची रोजची झीज भाडेकरूच्या अंगावर टाकता येत नाही. लेकीनं भिंतीवर खडूनं, पेन्सिलीनं काढलेलं असेल तर ती एक भिंत तुम्हीच रंगवून घ्या, हजार-दीड हजारात होईल आणि वादाला कारण उरणार नाही. आत्ताच प्रत्येक खोलीचे, नळांचे, फरशीचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. शेवटचं वीजबिल भरल्याची पावती दाखवा आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावर चाव्या द्या.